शेवटचा रकाना

गेले तीन शनिवार इथे काही लिहून झालं नाही. कारण नेहमीचंच, गो-लाईव्ह. एका हॉस्पिटलमध्ये आमचं सॉफ्टवेअर चालू करायचं होतं, आणि अशा वेळी शनिवार-रविवार हे दोन वार कॅलेंडरवर नुसते छापलेले असतात. काल रात्री घरी आलो, आज सकाळी दहाला उठलो, आईने पाठवलेल्या चकल्या आणि चहा घेऊन बसलोय. बाहेर पाऊस आहे. म्हटलं, बरेच दिवस डोक्यात अडकून बसलेली एक गोष्ट आज सांगून टाकावी.

गोष्ट या गो-लाईव्हची नाही, दोन वर्षांपूर्वीच्या एका गो-लाईव्हची आहे. आठवण निघायला कारण झाली आमच्या टीममधली नवीन मुलगी. कॉलेजमधून नुकतीच बाहेर पडलेली, हुशार, कामाला वाघ. (चार वेळा सांगून झालं, मला सर म्हणू नकोस म्हणून. उपयोग नाही.) लॅबच्या रजिस्टरचा फोटो लॅपटॉपवर मोठा करून तिने विचारलं, "सर, हा शेवटचा कॉलम काढून टाकू का? यात काही स्ट्रक्चर्ड डेटा नाहीये. नुसतं कोणाचं तरी नाव आणि वेळ लिहिलीय."

माझ्या पोटात खड्डा पडला. कारण हाच प्रश्न मी दोन वर्षांपूर्वी विचारला होता, आणि त्याचं उत्तरही मीच देऊन टाकलं होतं.

तर आधी थोडी पार्श्वभूमी. मी हॉस्पिटलांसाठी सॉफ्टवेअर लिहितो. लग्नकार्यात कोणाला "हॉस्पिटलचं काम करतो" असं सांगितलं की पाच मिनिटांत एखादे काका गुडघ्याचा एक्स-रे पुढे करतात, म्हणून सुरुवातीलाच स्पष्ट करतो: मी डॉक्टर नाही. पेशंट आला की त्याला एक नंबर द्यायचा, आणि तो नंबर धरून त्याचा केस पेपर, तपासण्या, औषधं, बिल आणि डिस्चार्ज कार्ड एका धाग्यात ओवायचं, एवढंच आमचं काम. कंपनीच्या पीपीटीत याला 'डिजिटल ट्रान्स्फॉर्मेशन' म्हणतात. पहिल्या स्लाईडवर निळ्या पार्श्वभूमीवर हसणारी डॉक्टरीण असते. ती कुठल्या हॉस्पिटलात काम करते कोण जाणे, इतकी झोप झालेली डॉक्टर मी अजून पाहिलेली नाही.

या धंद्यातल्या भाषाही वेगळ्या. लॅबची सिस्टिम हॉस्पिटलच्या सिस्टिमला रिपोर्ट पाठवते तो बहुतेक ठिकाणी 'एचएल-सेव्हन' नावाच्या भाषेत. ती बनवणारी संस्था अमेरिकेत १९८७ साली सुरू झाली, म्हणजे माझ्यापेक्षा वयाने मोठी. उभ्या रेघांनी तोडलेल्या ओळी असतात. एक रेघ इकडची तिकडे झाली की निकाल भलत्याच खान्यात जाऊन बसतो. आणि आकडा धोकादायक म्हणण्याइतका वर असेल तर त्याच ओळीत 'एचएच' अशी दोन अक्षरं येतात. ही दोन अक्षरं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

तर दोन वर्षांपूर्वी. शहराचं आणि हॉस्पिटलचं नाव सांगत नाही. दोनेकशे खाटांचं, बऱ्यापैकी जुनं, चांगलं नाव असलेलं. लॅबचं मॉड्यूल पूर्णपणे माझ्याकडे होतं. पहिल्यांदाच एक अख्खं मॉड्यूल माझ्या नावावर, त्यामुळे अंगात थोडं वारं शिरलेलंच होतं. कामाचा पहिला टप्पा म्हणजे तिथे जाऊन बसायचं, लोक काय करतात ते बघायचं आणि एका एक्सेल शीटमध्ये उतरवायचं.

लॅबमध्ये एक काका होते. टेक्निशियन. सव्वीस वर्षं नोकरी, त्यातली निम्मी नाईट ड्युटीत गेलेली. शर्टाच्या खिशात दोन पेनं, एक निळं, एक लाल. त्यांच्याकडे लाल कापडी बांधणीचं एक लांबलचक रजिस्टर होतं. तारीख, नाव, वॉर्ड, तपासणी, निकाल, सही, असे छापील रकाने. आणि अगदी शेवटी, समासाच्या जागेत, हाताने पट्टी धरून आखलेला एक रकाना. वर छोट्या अक्षरात लिहिलेलं, 'कळवले'. प्रत्येक ओळीत काही नव्हतं. वीस-पंचवीस ओळींमागे एखादी नोंद. 'सिस्टरना सांगितले, २.१०.' 'डॉ. बोलले, सॅम्पल परत पाठवतो.' कुठे नुसतंच लाल पेनाने 'फोन लागत नाही, मामांना पाठवले.' (मामा म्हणजे वॉर्डबॉय. हॉस्पिटलात अर्धी माणसं मामा नाहीतर मावशी असतात.)

मी विचारलं, "काका, हे काय?"

"काही वेडंवाकडं आलं की वॉर्डला फोन करतो. कोणाशी बोललो ते लिहून ठेवतो. उद्या कोणी म्हणायला नको, लॅबने सांगितलं नाही."

"पण काका, आता तुम्ही रिपोर्ट ओके केलात की त्याच क्षणी वॉर्डच्या स्क्रीनवर दिसणार. लाल रंगात. मग फोन कशाला?"

काका थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "असं म्हणता? बघा बुवा. तुम्हाला त्यातलं जास्त कळतं."

तेव्हा मला हा होकार वाटला. आज वाटतं, आपल्याकडे मोठी माणसं नकार असाच देतात. मी शीटमध्ये त्या रकान्यासमोर लिहिलं: गरज नाही, रिपोर्ट ऑनलाईन दिसेल. लीडने पाहिलं, क्लायंटने पाहिलं, सगळ्यांनी सही केली.

गो-लाईव्ह झकास झालं. खरंच झकास. उगाच कोणाचा गैरसमज नको की मी आता कॉम्प्युटरच्या नावाने बोटं मोडणार आहे. पूर्वी त्या हॉस्पिटलात रिपोर्टची चिठ्ठी लॅबमधून तिसऱ्या मजल्यावर मामांच्या खिशातून जायची. वाटेत मामांना कोणी दुसरं काम सांगितलं की चिठ्ठीही त्यांच्याबरोबर गावभर फिरायची. एकाच नावाच्या दोन पेशंटांचे रिपोर्ट उलटसुलट व्हायचे. आता ट्यूबवर बारकोडचा स्टिकर, मशीनने तो वाचायचा, निकाल थेट त्या पेशंटच्या नावावर. अक्षर लागत नाही ही तक्रारच संपली.

आणि हा फायदा नुसता आमच्या पीपीटीतला नाही. बॉस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटलमध्ये औषध देताना बारकोड स्कॅन करायची पद्धत आणली, तिचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. वेळेच्या चुका सोडून बाकीच्या औषध देण्यातल्या चुका ११.५ टक्क्यांवरून ६.८ टक्क्यांवर आल्या, आणि ऑर्डर कागदावर उतरवून घेताना होणाऱ्या चुका पूर्णच थांबल्या. त्या टक्क्यांमागे माणसं आहेत. म्हणून हे काम मला आवडतं, पगाराबद्दल कितीही कुरकुर केली तरी.

पहिले आठ दिवस आम्ही हॉस्पिटलच्या खर्चाने समोसे खाल्ले. नवव्या रात्री ते झालं.

मेडिसिन वॉर्डमध्ये पन्नाशीचे एक गृहस्थ संध्याकाळी भरती झालेले. अशक्तपणा, लघवी कमी होतेय, आधीपासून रक्तदाबाच्या गोळ्या. रात्री डॉक्टरांनी रक्त पाठवलं. आता पोटॅशियम हा प्रकार मला या नोकरीतच समजला. शरीरात ते साधारण साडेतीन ते पाच असावं. साडेसहाच्या वर गेलं की हृदयाचे ठोके कधी बिघडतील याचा नेम नाही, आणि तसे बिघडले तर उपचाराला वेळच मिळत नाही. या गृहस्थांचं आलं ६.९.

लॅबमध्ये नाईटला काकाच होते. त्यांनी २ वाजून ५२ मिनिटांनी रिपोर्ट ओके केला. आमच्या सर्व्हरवर 'एचएच' ही अक्षरं बिनचूक आली. काही सेकंदांत वॉर्डच्या स्क्रीनवर ६.९ लाल रंगात उभं राहिलं. अगदी मी लिहिलं होतं तसं.

आणि ते तसंच उभं राहिलं. ५ वाजून १० मिनिटांपर्यंत.

वॉर्डमध्ये चोवीस पेशंट, एक सिस्टर आणि एक शिकाऊ मुलगी. तीनच्या सुमारास दुसऱ्या खाटेवरच्या आजोबांना धाप लागली, सिस्टर तिकडे. मग एक नवीन भरती. कॉम्प्युटर एकच, नर्सिंग स्टेशनवर, त्यावर औषधांच्या इंडेंटचा स्क्रीन उघडा. पाचला सकाळची रक्तं पाठवायची म्हणून त्यांनी लॅबचा स्क्रीन उघडला, तेव्हा त्यांना तो आकडा दिसला. त्या धावल्या. ईसीजी, डॉक्टर, कॅल्शियम, इन्सुलिन आणि ग्लुकोज, आयसीयू. ते गृहस्थ वाचले. आठवड्याभराने चालत घरी गेले. पण ही दोन तास अठरा मिनिटं मला पाठ आहेत. ऑडिट लॉग नावाची जी चीज आम्ही मोठ्या अभिमानाने विकतो, ती मिनिटामिनिटाचा हिशेब ठेवते. स्वतःच्या चुकीचा असा छापील हिशेब कोणाला मिळू नये.

दोन दिवसांनी मीटिंग झाली. सुपरिंटेंडेंट, इन्चार्ज सिस्टर, लॅबचे प्रमुख, काका, आमचा लीड आणि मी. नाईटच्या सिस्टरही होत्या, डोळे सुजलेले.

त्यांना विचारलं, रिपोर्ट का पाहिला नाही? त्या जे म्हणाल्या ते मी विसरणार नाही. म्हणाल्या, "सर, लॅबचा फोन आला नाही, म्हणजे सगळं बरं असणार असं मी धरून चालले. आजपर्यंत तसंच होतं ना."

काकांना विचारलं, फोन का केला नाही? ते म्हणाले, "आता स्क्रीनवर दिसतं असं ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं."

आमचा लीड म्हणाला, सिस्टिमने निकाल सेकंदांत पोचवला आहे, हे बघा लॉग. तेही खरं होतं.

म्हणजे बघा, खोलीतला प्रत्येक माणूस बरोबर होता. काकांच्या मते त्यांनी कळवलं होतं. सिस्टरच्या मते कोणी काही कळवलं नव्हतं. वर्षानुवर्षं त्या वॉर्डमध्ये फोन न येण्यालाही एक अर्थ होता: घाबरण्यासारखं काही नाही. मी फोन काढून टाकला, पण तो जुना अर्थ तिथेच राहिला. हे कुठल्या रिक्वायरमेंटमध्ये लिहिलेलं असतं?

मीटिंग हळूहळू सिस्टरच्या अंगावर जायला लागली. 'स्क्रीन दर अर्ध्या तासाने बघायला हवा होता' वगैरे. सगळ्यात गरीब माणसावर खापर फुटतं, तसं. मी काकांकडे पाहिलं. त्या रकान्याचं काय झालं ते खोलीत फक्त दोघांना नीट माहीत होतं, त्यांना आणि मला. सही करणाऱ्यांपैकी कोणाला ती ओळ आठवतही नसणार. काका टेबलाकडे बघत बसले होते. माझं नाव ते घेणार नव्हते. माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस मला सांभाळून घेत होता.

खरं सांगतो, मी लगेच बोललो नाही. आधी मनात सगळं येऊन गेलं. अप्रेझल दोन महिन्यांवर, लीड शेजारी बसलेला, क्लायंट समोर. कॉन्ट्रॅक्टमध्ये याचा काय अर्थ निघेल? मग त्या सिस्टरने पदराला डोळे पुसावेत तसे ॲप्रनच्या कडेला पुसले, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "रजिस्टरमध्ये 'कळवले' असा एक रकाना होता. तो मी काढला. काकांनी मला तो कशासाठी आहे ते सांगितलं होतं."

लीडने टेबलाखालून माझ्या बुटावर बूट ठेवला. पण आता काय उपयोग! :)

पुढचे दिवस बरे गेले नाहीत, ते सोडून देतो. नोकरी गेली नाही एवढंच. पण त्या निमित्ताने मी पहिल्यांदा या विषयावर नीट वाचायला बसलो. तोपर्यंत मला वाटायचं, हॉस्पिटलचं सॉफ्टवेअर म्हणजे डेटाबेस, इंटरफेस आणि भरपूर फॉर्म. वाचल्यावर कळलं की काकांचा रकाना ही काही त्यांची खाजगी सवय नव्हती. १९७२ साली जॉर्ज लुंडबर्ग या अमेरिकन पॅथॉलॉजिस्टने हीच कल्पना मांडली होती. काही निकाल असे असतात की ते कळताच ताबडतोब उपचार झाले नाहीत तर जीव जाऊ शकतो. असे निकाल नुसते रिपोर्टवर छापून भागत नाही, उपचार करू शकणाऱ्या माणसापर्यंत लॅबने ते स्वतः पोचवायचे. त्यांना 'पॅनिक व्हॅल्यू' म्हणायचे, आता 'क्रिटिकल व्हॅल्यू' म्हणतात. ऐकणाऱ्याने आकडा परत म्हणून दाखवायचा, तो बरोबर आहे म्हणून सांगणाऱ्याने दुजोरा द्यायचा, अशी पद्धत जगभरच्या हॉस्पिटलांत आहे. काका गेली सव्वीस वर्षं पट्टीने आखलेल्या रकान्यात हेच करत होते. मी कॉपी-पेस्ट करण्याआधी गूगल जरी केलं असतं तरी चाललं असतं.

आणखी एक गोष्ट वाचली, ती मला फार आवडते. औषधासाठी बारकोड वापरायची कल्पना कुठून आली? अमेरिकेत कॅन्ससमधल्या टोपीका इथे माजी सैनिकांचं सरकारी हॉस्पिटल आहे. तिथल्या सू किनिक नावाच्या नर्सने १९९२ साली भाड्याची गाडी परत करताना पाहिलं की तिथला माणूस हातातल्या यंत्राने गाडीचा बारकोड वाचतोय आणि काम संपतंय. तिच्या मनात आलं, हे गाड्यांसाठी होतं तर माझ्या पेशंटच्या औषधांसाठी का नाही? त्यातून सुरू झालेली पद्धत पुढे अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या सगळ्या हॉस्पिटलांत गेली. डिजिटल ट्रान्स्फॉर्मेशन म्हणतात ते हे, आणि त्याची सुरुवात कुठल्या पीपीटीत झाली नाही. रात्री औषधाची ट्रॉली ढकलणाऱ्या बाईच्या डोक्यात झाली.

पण तोच बारकोड काम करणाऱ्याला अडचणीचा झाला की काय होतं? २००८ साली रॉस कॉपेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या हॉस्पिटलांमध्ये जाऊन पाहिलं. नर्सेस बारकोडला वळसा घालायला पंधरा प्रकारच्या युक्त्या वापरत होत्या. पेशंटच्या मनगटावर असायला हवा तो बारकोड कुठे ट्रॉलीला चिकटवलेला, कुठे दाराच्या चौकटीला. आळस म्हणून नव्हे. मनगटावरचा पट्टा ओला होऊन वाचता येत नाही, बॅटरी संपलेली, वायरलेस मिळत नाही, पेशंट अत्यवस्थ, अशी एकतीस कारणं त्यांनी मोजली. आम्ही इंजिनियर लोक अशा वेळी 'युजर एरर' असं लिहून तिकीट बंद करतो. त्यांनी प्रत्येक युक्तीमागे सिस्टिममधली एक उणीव शोधली.

हे सगळं ज्ञान मला नंतर आलं. आधी मी आणखी एक गाढवपणा केला, तोही सांगतो. मीटिंगनंतर मी जोशात दोन दिवसांत एक पॉप-अप बनवला. निकाल नॉर्मलच्या बाहेर गेला की वॉर्डच्या कॉम्प्युटरवर लाल चौकट आणि घंटी. आता वॉर्डमधला पेशंट आजारी असतो म्हणूनच वॉर्डमध्ये असतो! जवळजवळ प्रत्येकाचं काहीतरी नॉर्मलच्या बाहेर असतंच. दिवसभर घंटी वाजत राहिली. तिसऱ्या दिवशी राऊंडला गेलो तर स्पीकरवर चांगली चार पदरी मायक्रोपोर पट्टी चिकटवलेली. इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, "सर, पेशंट झोपत नव्हते हो." मी पट्टी काढली नाही. पॉप-अप काढला.

मग सरळ लॅबमध्ये जाऊन बसलो. या वेळी लॅपटॉप न घेता. तीन रात्री काकांबरोबर, एक रात्र त्याच सिस्टरबरोबर वॉर्डमध्ये. तेव्हा कळलं की तो फोन म्हणजे नुसता आकडा पोचवणं नव्हतं. काका फोनवर विचारायचे, "पेशंट डायलिसिसवर आहे का? रक्त घेताना त्रास झाला का?" कारण रक्त घेताना पेशी फुटल्या तर पोटॅशियम खोटं वाढलेलं दिसतं. मग दोघं मिळून ठरवायचे, सॅम्पल परत घ्यायचं की आधी डॉक्टरला उठवायचं. रात्री अडीचला दोन अनुभवी माणसं दीड मिनिटात जो विचार करत होती, तो मी 'गरज नाही' या दोन शब्दांत उडवला होता.

शेवटी जे बनवलं ते दिसायला अगदी साधं आहे. कोणत्या निकालांना क्रिटिकल म्हणायचं ती यादी डॉक्टरांनी ठरवली, छोटी. त्यातला निकाल आला की लॅबच्या स्क्रीनवर तो बंदच होत नाही, जोपर्यंत टेक्निशियन वॉर्डला फोन करून तीन गोष्टी भरत नाही: कोणाशी बोललो, किती वाजता, आणि समोरच्याने आकडा परत म्हणून दाखवला का. शेजारी एक मोकळी जागा, काय वाटेल ते लिहायला. निकाल मात्र फोनसाठी अडत नाही, तो वॉर्डला आधीच दिसतो. पंधरा मिनिटांत नोंद झाली नाही तर आरएमओंच्या मोबाईलवर मेसेज. थोडक्यात, इतकी उठाठेव करून मी फोन परत आणला आणि समासातला रकाना स्क्रीनवर आखला. त्याचं नाव मी 'क्रिटिकल व्हॅल्यू इंटिमेशन' असं ठेवलं होतं. इन्चार्ज सिस्टरनी बदलायला लावलं. आता तिथे लिहिलंय, 'कळवले'.

रजिस्टरही गेलं नाही. ते लॅबच्या कपाटात वरच्या फळीवर आहे, कोऱ्या पानांसकट. २३ नोव्हेंबर २०२२ ला दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला आणि पुढे कितीतरी दिवस तिथलं नोंदणीपासून रिपोर्टपर्यंतचं काम हाताने चालवावं लागलं, हे सगळ्यांनी वाचलं असेल. आम्ही आता दर हॉस्पिटलला सांगतो, अधूनमधून एक तास सिस्टिम बंद ठेवा आणि कागदावर काम करून बघा. नवीन सिस्टर्सना केस पेपरवर लिहायची सवय राहू द्या. विकणाऱ्यानेच असं सांगायचं म्हणजे जरा विचित्र वाटतं, पण सांगतो.

आज आपल्याकडे या क्षेत्रात खूप काही घडतंय. सप्टेंबर २०२१ मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं, चौदा आकडी आभा क्रमांक आले, बऱ्याच हॉस्पिटलांत मोबाईलवरून क्यूआर कोड स्कॅन करून ओपीडीचं टोकन मिळतं. एका हॉस्पिटलचे रिपोर्ट पेशंटच्या संमतीने दुसऱ्या हॉस्पिटलला दिसावेत म्हणून 'फायर' नावाची नवी भाषा ठरवली आहे, उभ्या रेघांपेक्षा पुष्कळ शहाणी. माझ्या आजीची औषधांची यादी आणि ईसीजी अजून साड्यांच्या दुकानाच्या पिशवीत असतात, तेव्हा हे व्हायला हवं यात मला शंका नाही. रोज त्याच्यावरच काम करतो. फक्त कोणी 'डेटा पोचला' असं म्हटलं की मी आता विचारतो, कोणाला पोचला? तो माणूस त्या वेळी कुठे होता? त्याला कळलं हे तुम्हाला कसं कळलं? टीममध्ये या प्रश्नांमुळे माझं नाव 'पोलीस' पडलंय. चालायचंच.

काका मागच्या वर्षी रिटायर झाले. निरोप समारंभाला मला आवर्जून बोलावलं. नारळ, शाल, भाषणं झाली. जेवताना मी त्यांना म्हटलं, "काका, तेव्हा मला सरळ सांगायचं होतं ना, की रकाना काढू नका म्हणून." ते हसले. म्हणाले, "अहो, मला तरी कुठे नीट माहीत होतं? सवय होती हाताला. तुम्ही काढल्यावर कळलं."

तर त्या नवीन मुलीचा प्रश्न. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. तिला म्हटलं, आज रात्री लॅबमध्ये बस, लॅपटॉप हॉटेलवर ठेव, आणि तो कॉलम कोण, कधी, का भरतं ते बघून ये. तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की घरी फोन करून माझ्याबद्दल काय बोलली असेल त्याची कल्पना आली.

सकाळी साडेसातला कँटीनमध्ये आली. केस विस्कटलेले, डोळे लाल, हातात कटिंग. समोर बसली आणि म्हणाली, "सर, तो कॉलम राहू दे. आणखी दोन सापडलेत, ते रजिस्टरमध्ये पण नाहीयेत. सिस्टर हातावर लिहितात."

शीटमध्ये दोन ओळी वाढल्या. गो-लाईव्ह चार दिवस पुढे गेलं, लीड वैतागला, शनिवार बुडाला. असो. चहा पार गार झालाय, चकल्याही संपल्या. पुढच्या शनिवारी भेटू, मध्ये कुठलं गो-लाईव्ह आलं नाही तर.